पिंगळीची धूळ आणि जर्मनीची बाटली

पिंगळीत धुळीलाही हंगाम असतात. उन्हाळ्यात काळ्या रानाची धूळ. जमिनीला भेगा पडलेल्या असतात, वावटळ उठली की कुणाच्या तरी बांधावरची माती गरगरत वर जाते आणि गाडीच्या टपावर उतरते. बांधाच्या वादात कोर्टात गेलेले सख्खे भाऊ एकमेकांना वीतभर जमीन सोडत नाहीत, पण एप्रिलात दोघांचीही माती माझ्या बॉनेटवर गुण्यागोविंदाने नांदते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची रास सुरू होते; मळणीयंत्र दोन शेतं पलीकडे धडधडतं आणि भुस्कट आमच्या वायपरखाली येऊन बसतं. तिसरी धूळ रस्त्याच्या कामाची. तिला हंगाम नसतो, मुदतवाढ असते.

पावसाळ्यात धूळ नसते. तेव्हा चिखल असतो, आणि काळ्या मातीचा चिखल ही काय चीज आहे ते लाल मातीतल्या माणसाला सांगून कळायचं नाही. तो चाकाला चढतो, मडगार्डच्या आत मुक्काम ठोकतो आणि एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. खुरपं लागतं.

परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन पिंगळी. अशा गावात शाळामास्तराने पांढरी गाडी घ्यावी यात नवल काही नाही. देशात सगळ्यात जास्त खपणारा मोटारीचा रंग पांढराच आहे. उन्हात कमी तापतो, विकायला काढली की गिऱ्हाईक मिळतं, आणि भावकीतल्या लग्नात नवरदेवासाठी मागून नेली तरी शोभते. फक्त तिच्यावर काही लपत नाही. मागच्या काचेवरच्या धुळीत पोरं बोटाने लिहून ठेवतात. सहामाहीच्या आधी 'पेपर सोपा काढा' असं निवेदनही येऊन गेलेलं आहे.

गाडी धुणं हा पूर्वी बाजाराचा विषय नव्हता. काळीपिवळी जीप चालवणारे डायवर सकाळी एक फडकं डिझेलमध्ये बुडवायचे आणि जीपच्या अंगभर फिरवायचे. सीट भरेपर्यंत ती झळाळत राहायची. मग त्याच डिझेलला धूळ चिकटायची आणि संध्याकाळी जीपचा मूळ रंग कोणता यावर वाद व्हायचे. आजही काही वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन झाली की खालून आणि टायरला डिझेल मारून देतात. रबराला डिझेल सोसत नाही, हे टायरवाला सांगतो. वॉशिंगवाला कशाला सांगेल?

आता मात्र बाजार घरापर्यंत आला आहे. परभणीत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात शिरलं की समोरची अख्खी भिंत बाटल्यांची. निळ्या, गुलाबी, हिरव्या. एका बाटलीवर बर्फाळ डोंगर, दुसरीवर समुद्रकिनाऱ्याची लाल स्पोर्टकार, तिसरीवर नुसता एक थेंब, पण असा टपोरा की मराठवाड्यातल्या माणसाने त्याच्याकडे बघून हात जोडावेत. मी बराच वेळ उभा होतो. मालक गल्ल्यावरून म्हणाले,

"काय बघू लालाव सर?"

"गाडी धुवायला काहीतरी द्या."

"धुवायला का चमकवायला?"

"दोन्ही."

"दोन्हीचं येगळंयेगळं येतंय. धुवायचं लावलं की चमक उतरती. मग चमकीचं लावायचं. चमकीचं लावलं की साध्या साबणानं धुवायचं नाही. मग त्याच्यासाठी परत हे गुलाबी."

अर्थशास्त्राची पुस्तकं वाचून जे कळलं नसतं ते त्या दोन मिनिटांत कळलं. प्रत्येक बाटली मागच्या बाटलीचं काम निस्तरण्यासाठी केलेली आहे. आणि मालक खोटं बोलत नव्हते, हे विशेष. धुण्याच्या पावडरीचं पाणी अल्कधर्मी असतं, ते मळासोबत मेणाचा थरही काढून नेतं. म्हणून गाडीचा शाम्पू निराळा, उदासीन, पीएच सातच्या आसपासचा. आमच्या घरी मात्र गाडीला रुपयाच्या पुडीतला केसांचा शाम्पू जात असे. गाडी धुतल्यावर तिच्या केसांत कोंडा झाला नाही एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

या बाटल्यांचे पूर्वज मोठे गमतीचे आहेत. थ्रीएम ही कंपनी १९०२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात निघाली ती खाण खणायला. नावातले तीन एम म्हणजे मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. धार लावायच्या कामाचा कुरुंद दगड समजून जे खणलं ते निघालं भलतंच, कवडीमोल. आमच्याकडे बोअर कोरडी गेली की माणूस कर्जात जातो. यांची जगभर कंपनी झाली. ते पॉलिशपेपर करू लागले, आणि १९२५ साली त्यांच्याच रिचर्ड ड्र्यूने मास्किंग टेप काढली. तीसुद्धा गाड्या रंगवणाऱ्यांसाठीच: दोन रंगांच्या मोटारींची तेव्हा हौस होती आणि मधली रेघ कुणाला सरळ मारता येईना.

मेग्वायर्स १९०१ सालची, पण ती सुरू झाली लाकडी फर्निचरच्या पॉलिशवर. २००८ साली ती थ्रीएमनेच विकत घेतली. म्हणजे दुकानात दोन खणांत एकमेकींकडे पाठ करून उभ्या असलेल्या या बाटल्या मुळात एकाच चुलीवर जेवणाऱ्या जावा आहेत. आणि टर्टल वॅक्सचे संस्थापक बेन हर्श यांच्याबद्दल असं सांगतात की, शिकागोत बेसबॉलच्या मैदानाबाहेर लावलेल्या गाड्यांचं ते फक्त एकच मडगार्ड पॉलिश करून ठेवायचे. सामना संपला की मालक यायचा, तीन बाजू मळक्या आणि एक लखलखीत बघून अस्वस्थ व्हायचा, आणि बाटली घ्यायचा. हा प्रयोग परभणीच्या बस स्टँडबाहेर कुणी करू नये. इथे गाडीला अनोळखी माणसाने हात लावलेला दिसला तर बाटलीपर्यंत बोलणं जातच नाही.

"जरा भारीतलं दाखवा," मी म्हणालो. मालकांनी खालच्या खणातून जड बाटली काढून काउंटरवर ठेवली.

"हे घ्या. जर्मनीचं हाय. म्हंजे आपलंच."

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण कुणी आणि का काढली यावर आमच्या जिल्ह्यात इतकी मतं आहेत की कुणालाही विचारा, चहा संपेपर्यंत दोन नवी ऐकायला मिळतील. पण तिचा विक्रीसाठी एवढा चोख उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. बाटलीमागचा बारीक मजकूर चष्मा काढून, चष्मा घालून, दोन्ही प्रकारे वाचला. उन्हात वापरू नये. पृष्ठभाग थंड असावा. लावल्यावर वाळू न देता पुसावे. हे जर्मनीत लिहिलेलं असणार यात शंका उरली नाही. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये बेचाळीसच्या पुढे सहज जातो. त्या दिवसांत आमच्याकडे पृष्ठभाग थंड असण्याची वेळ म्हणजे पहाटेची, आणि पहाटे साडेचारला बॅटरी लावून गाडीशी काहीतरी करणाऱ्या माणसाकडे गावातली कुत्री आणि गस्तीची माणसं एकाच नजरेने बघतात.

मग सिरॅमिक. हल्ली हा शब्द उच्चारल्याशिवाय गाडीच्या दुकानातून कुणी सुटत नाही. पुण्यात संपूर्ण गाडीला लावून घ्यायचं तर आकडा पाच अंकी होतो. इथे बाटलीत मिळतं, मिलीच्या हिशोबाने. आत असतं काय, तर मुख्यतः सिलिका. सिलिका म्हणजे वाळूतलं द्रव्य, काचेतलंही तेच. गोदावरीच्या काठी वाळूवरून काय काय होतं ते जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पण मिलीमध्ये मोजून वाळू विकायचं अजून आमच्या कुठल्या ठेकेदाराला सुचलेलं नाही. आमच्याकडे निदान हायवा ट्रक भरून येतो.

त्या डबीवर मोठ्या सोनेरी अक्षरांत '९एच' लिहिलेलं होतं. "हिऱ्याच्या खालोखाल," मालक आवाज खाली आणून म्हणाले. यावर मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. हिऱ्याचा १० हा आकडा खनिजांच्या मोजपट्टीवरचा. हे ९एच तिथलं नाही, पेन्सिलीचं आहे. वर्गात पोरांच्या कंपासपेटीत एचबी असते ना, तीच मालिका. कडक होत होत ती ९एचपर्यंत जाते. रंगाच्या थरावर अशा पेन्सिली ठरावीक कोनात दाबून ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही ते बघतात. म्हणजे या डबीचा दावा एवढाच की गाडीवर कुणी ९एच पेन्सिल ओढली तर ओरखडा येणार नाही. पिंगळीत गाडीवर पेन्सिल ओढणारा माणूस मी पाहिलेला नाही. इथे बाभळीचा काटा असतो, म्हशीचं शिंग असतं, उसाच्या ट्रॉलीतून बाहेर आलेलं टिपरू असतं, आणि मोटारसायकल उभी करताना हँडल नेमकं दाराला टेकवणारे पाहुणे असतात.

टेफ्लॉनचं त्याहून पुढचं. नवी गाडी घेताना अजूनही काही ठिकाणी बिलात ही ओळ हळूच येते. भाकरीच्या नॉनस्टिक तव्यावर असतं ते हेच, पण तव्यावर ते बसवायला भट्टी लागते. टेफ्लॉन वितळतं सुमारे ३२७ अंशांना. आमचा उन्हाळा कडक आहे, त्याचा आम्हाला अभिमानही आहे, पण तेवढा नाही.

कार्नाबा मेणाबद्दल मात्र मला आदर वाटतो. ईशान्य ब्राझीलमध्ये एक ताड असतो. उन्हाळ्यात ओल जाऊ नये म्हणून तो आपल्या पानांवर मेण धरतो. ती पानं वाळवायची, झोडपायची आणि पडलेली भुकटी गाळून घ्यायची. हे मेण वितळायला ऐंशीच्या वर अंश लागतात, त्यामुळे तापल्या बॉनेटवरही ते टिकून राहतं. तेच औषधी गोळ्यांवर असतं, पोरांच्या रंगीत चॉकलेट गोळ्यांवर असतं. दुष्काळात तग धरायला एका झाडाने केलेली ही तजवीज. ती परभणीत पोचली यात मला न्याय दिसतो. पण डबीत ते शुद्ध नसतं. शुद्ध कार्नाबा इतका कडक असतो की त्यात तेलं आणि दुसरी मेणं मिसळल्याशिवाय तो गाडीवर पसरायचाच नाही. तेव्हा 'शंभर टक्के कार्नाबा' असं वाचलं की 'शंभर टक्के'कडे दुर्लक्ष करून किंमत बघावी.

आणि क्ले बार! हा प्रकार जपानने काढला. गाडी धुऊनही हाताला खरखर लागते, ती रंगात रुतलेल्या लोखंडाच्या कणांची, डांबराच्या ठिपक्यांची. पाणी मारत मारत मातीसारखी मऊ वडी त्यावरून फिरवली की ते कण तिला चिकटून निघतात. काम करते, खोटं नाही. पण त्यासाठी पिंगळीच्या माणसाने परभणीला जायचं, आणि तळहातात मावेल एवढी माती काही शे रुपये मोजून, डबीत घालून, जपून गावी आणायची. एस.टी.त शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने विचारलं तर काय सांगणार? तो मायक्रोफायबरच्या फडक्याचंही विचारेल. ते फडकं पॉलिस्टरचं, बहुधा चीनहून आलेलं. आणि खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना आमचा कापूस.

मला तिथे उभ्या उभ्या जे उमगलं ते एवढंच होतं. वाळू, माती, मेण, फडकं: भिंतीवर जे जे आहे ते गावाच्या शिवारात कुठल्या ना कुठल्या रूपात पडलेलं आहे. गावात ज्याची खरी टंचाई आहे, म्हणजे पाणी आणि सावली, ते त्या भिंतीवर कुठल्याच खणात नव्हतं.

दिवाळीत भाचा पुण्याहून आला. हिंजवडीत असतो. त्याच्या गाडीच्या डिकीत कपड्यांची एक बॅग आणि गाडीच्या सामानाच्या दोन. पाडव्याच्या सकाळी त्याने अंगणात सगळं मांडलं: ब्रश पाच प्रकारचे, फेस मारायची बंदूक, एसीच्या जाळीतली धूळ उचलणारा चिकट हिरवा गोळा, आणि एक लहान पंखा, ज्याने म्हणे गाडी वाळवतात. हवेचा तुटवडा पिंगळीत कधीच नव्हता, पण त्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलो.

"मामा, दोन बादल्यांची पद्धत," तो म्हणाला. "एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मग शाम्पूत. नाहीतर तीच माती परत गाडीवर घासली जाते. सगळे ओरखडे त्यानेच येतात."

बरोबर बोलत होता. त्या सबंध सकाळीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेच. पण त्याची मामी ओट्यावरून ऐकत होती.

"दोन बादल्या? गाडीला? मला धुण्याला दीड मिळती."

त्यावर पुण्याहून आणलेलं कुठलंच उत्तर नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. आमच्या भागातल्या बायका ते विसरलेल्या नाहीत आणि गाडी घेतली म्हणून विसरणारही नाहीत. पाइप लावून दहा मिनिटं सोडला की शंभर लिटरच्या पुढे पाणी जातं. भाच्याने मान खाली घालून दोन्ही बादल्या अर्ध्याअर्ध्या भरल्या.

पुढे तर त्याने कमालच केली. आमचं पाणी बोअरचं, जड. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एवढे की कुकरच्या तळाला पांढरा थर धरतो. तेच पाणी गाडीवर उन्हात वाळलं की पांढरे डाग राहतात; वेळेवर पुसलं नाही तर व्हिनेगर लावूनही सहज निघत नाहीत. म्हणून त्याचं म्हणणं पडलं की शेवटचा हात जारच्या पाण्याचा द्यावा. फिल्टरच्या पाण्याचा वीस लिटरचा जार आम्ही विकत घेतो, तोही पाहुण्यांसाठी. त्या दिवशी जारचं पाणी गाडीने घेतलं आणि पाडव्याला आलेल्या साडूने बोअरचं.

मग त्याने काहीतरी फवारलं, पुसलं, आणि बॉनेटवर पेलाभर पाणी ओतून दाखवलं. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळत खाली गेले. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही हे आपल्याकडे गीतेच्या आधीपासून माहीत असणार. ते का ठरत नाही हे बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी पानावरचे सूक्ष्म उंचवटे दाखवून उलगडून सांगितलं. पुन्हा जर्मनीच. भाचा मोबाइलवर चित्रीकरण करत होता. अंगणात जमलेली चार म्हातारी माणसं मात्र त्या पळत्या पाण्याकडे कळवळून बघत होती. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना पाणी पळवण्याच्या औषधाचं कौतुक कसं वाटावं?

आमचे तात्या, माझे वडील, वय ऐंशीच्या पुढे, खाटेवरून सगळा सोहळा बघत होते. भाचा थकून टेकला तेव्हा ते म्हणाले, "हे तर पोळ्याचंच हाय की."

आणि त्यांनी सगळं जुळवून दाखवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: जू वाहून कठीण झालेले बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि तूप चोळायचं. ते तुझं कंडिशनर. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर नेऊन धुवायचे. शिंगं साळायची, म्हणजे वरचा खडबडीत थर तासून काढायचा. ते तुझं कंपाउंड. साळून झाली की हिंगूळ लावायचा, ते पॉलिश. वरून बेगड चिकटवायची. भाचा चमकून म्हणाला, "हां, म्हणजे पीपीएफ." पीपीएफ म्हणजे गाडीवर चढवतात ती पारदर्शक फिल्म, एका चांगल्या बैलजोडीच्या किमतीत बसते. "झूल म्हंजे कव्हर," तात्यांनी संपवलं. "पण आमी वर्षातून एकदा करायचो. आन् बैलाला इचारून. शिंग जास्त साळलं तर बैल मान झटकतो. गाडी झटकती का?"

हा शेवटचा प्रश्न बाजारात कुणी विचारत नाही, आणि विचारायला हवा तो हाच. गाडीचा रंग म्हणजे सगळ्यात वरती एक पारदर्शक थर, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन. माणसाचा केस याच्याहून जाड असतो. रबिंग कंपाउंड म्हणजे घासणीचा प्रकार, तो या थरातला थोडा भाग घासून काढतो, त्याने ओरखडे बुजल्यासारखे दिसतात. खरं तर ओरखडा तिथेच असतो, त्याच्या आजूबाजूचा रंग खाली आणलेला असतो. जुन्या गाड्यांना असा वरचा थर नसायचा, पॉलिश करताना फडक्याला सरळ गाडीचा रंग लागायचा आणि मालकाला हात आवरावा असं कळायचं. आता फडक्याला काही लागत नाही. आमच्या गल्लीतल्या एका हौशी माणसाने फरशी घासायच्या ग्राइंडरला स्पंज बांधून दर दिवाळीला कंपाउंड मारलं. पहिल्या दोन दिवाळ्यांना गाडी आरशाला लाजवील अशी दिसली. आता तिच्या टपावर महाराष्ट्राच्या नकाशातला मराठवाडा उमटला आहे, जिल्ह्यांच्या हद्दींसकट.

मोबाइलवर वस्तू घेणाऱ्यांना वाटतं की तिथे तरी खरं कळेल, लोकांनी अनुभव लिहिलेले असतात. मी वाचले. एकाने पाच तारे देऊन लिहिलं आहे: 'उत्तम वस्तू, अजून उघडलेली नाही.' दुसऱ्याने एकच तारा दिला आहे, कारण खोकं दबलेलं आलं. तिसऱ्याने गाडीच्या मेणाखाली प्रश्न विचारला आहे की, हे फ्रिजला चालेल का. त्याला कुणीतरी 'हो' म्हणून उत्तर दिलं आहे. त्याच बाटलीखाली एकाची तक्रार आहे की डॅशबोर्डला पॉलिश लावल्यावर दुपारी समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि रस्ता दिसत नाही. एवढा एक अनुभव मात्र मोलाचा, कारण तो खरा आहे. डॅशबोर्ड चमकण्यासाठी नसतो. ओल्या फडक्याने पुसला की त्याचं काम झालं.

आता तुम्ही विचाराल, मग घ्यावं काय. माझं मत मागितलंच आहे तर सांगतो, पटलं तर बघा.

गाडीचा साधा शाम्पू घ्या, मधल्या भावातला, कुठल्याही देशाचा. झाकणभर पुरतो, बाटली वर्षभर जाते. वर्षाकाठी दोनदा, पोळ्याला आणि होळीच्या आधी, मेण लावा. डबीवरचे आकडे वाचू नका. हेडलाइट पिवळे पडले असतील तर टूथपेस्टने थोडे उजळतात, पण ती करामत कंपाउंडचीच, घासण्याची. उन्हाने ते पुन्हा पिवळे होतात. क्ले, सिरॅमिक, टेफ्लॉन, फेसाची बंदूक यांचं कौतुक करा आणि ते भाच्याकडे राहू द्या. पैसे फडक्यांवर घाला. चांगली मऊ, चार-सहा, आणि गाडीची वेगळी, चाकांची वेगळी. फडकं एकदा जमिनीवर पडलं की ते गाडीच्या कामातून गेलं समजा, मग कितीही झटका. कोरड्या गाडीवर कोरडं फडकं फिरवू नका. बाजारात शोभेसाठी टांगलेला तो लाल झुपक्यांचा झाडू तर मुळीच नको. आपल्या मातीत तो पॉलिशपेपरचं काम करतो.

आणि उरलेले पैसे सावलीला लावा. लिंबाखाली लावली की झालं, असं वाटतं खरं, पण लिंबावर संध्याकाळी बगळे येतात, आणि पाखरांची विष्ठा उन्हात तापली की एका दुपारीत क्लिअर कोट खाते. ज्येष्ठात वरून लिंबोळ्या पडतात त्या निराळ्या. तेव्हा चार लोखंडी पाइप रोवून पत्र्याचं शेड टाका. परभणीत पत्रा फुटावर मिळतो. दुकानदार बारा फुटी गळ्यात मारायला बघेल, स्वस्त पडतो म्हणून. घेऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या कर वाचावा म्हणून चार मीटरच्या आत बसवलेल्या असतात, आणि चार मीटर म्हणजे तेरा फूट आणि वर दीड इंच. सोळा फुटी घ्या.